आधी ब्रेडबोर्ड, मग ग्राहकाचा सेट

जुन्नर, मंचर, घोडेगावच्या दुरुस्ती-दुकानांतील नवशिक्यांनी ग्राहकाच्या सेटवर हात बसवू नये. तो सेट अमानत आहे. आधी ब्रेडबोर्डवर शिकावे, असे आम्ही सुचवतो.

५५५ आयसी मधल्या चरावर बसवा. खाच डावीकडे ठेवल्यास खालचा डावा पाय १. तेथून उलट्या घड्याळदिशेने मोजा. ९ व्होल्ट बॅटरीचे ऋण १ ला, धन ४ व ८ ला. ८-७ मध्ये १० किलोओहम, ७-६ मध्ये ६८ किलोओहम रेझिस्टर. ६ व २ जोडा. २-१ मध्ये ०.०१ मायक्रोफॅरड कपॅसिटर. ३ ला १० मायक्रोफॅरड कपॅसिटरचे धन टोक. दुसऱ्या टोकापासून ऋणापर्यंत ८ ओहमचा स्पीकर.

छोटा कपॅसिटर भरतो-रिकामा होतो, त्यातून सेकंदाला सुमारे १००० कंपनांचा सूर निघतो. तो दहापट मोठा लावल्यास १०० होतील. आवाज नसेल तर बॅटरी काढून जोडण्या तपासा. इथली चूक वायर उपसून सुधारते. ग्राहकाच्या सेटमधली भरून द्यावी लागते.