दोनदा मिटलेलं नाव

जपानी भाषेत ‘सोन’ या उच्चाराचा एक अर्थ तोटा असा होतो. १९३१ साली जपानमध्ये एक छोटी मोटार तयार झाली, तेव्हा तिचं बारसं करणाऱ्यांच्या हे जरा उशिरा लक्षात आलं. त्यांची आधीची गाडी ‘डॅट’. १९१४ सालच्या त्या गाडीचं नाव देन, आओयामा आणि ताकेउची या तीन भांडवलदारांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून पडलं होतं. डॅटचं लेकरू म्हणून नवी गाडी ‘डॅटसन’ झाली. पण त्यातला तोटा कानाला खटकला, म्हणून इंग्रजी स्पेलिंगमधला पुत्र काढून तिथे सूर्य बसवला. मराठीत दोन्ही ‘सन’ सारखेच लिहिले जातात, त्यामुळे ही गंमत आपल्याला कागदावर दिसत नाही. पुढे योशिसुके आयकावा यांच्या निस्सान कंपनीने हे नाव जगभर नेलं, १९८१ साली ते बंद करायचं ठरवलं आणि १९८६ पर्यंत पुसूनही टाकलं. २०१२ मध्ये कंपनीने तेच नाव पुन्हा उकरून काढलं, मार्च २०१४ मध्ये भारतात ‘डॅटसन गो’ विकायला आणली आणि एप्रिल २०२२ मध्ये दुसऱ्यांदा मिटवलं. सूर्य लावूनही तोटा टळला नाही. फक्त या खेपेला त्यातला मोठा वाटा कंपनीपेक्षा गाडी घेणाऱ्यांच्या पदरात पडला.

हा इतिहास वर्ध्याच्या वाचकापुढे मांडायचं कारण आहे. आपल्याकडे तूर-कापसाचे चुकारे हाती आले, किंवा घरातल्या कुणाला नोकरी लागली, की पहिल्या चारचाकीचा विचार सुरू होतो. त्या विचारात किंमत, ॲव्हरेज आणि ‘कंपनी कोणत्या देशाची’ एवढेच तीन प्रश्न असतात. तिसऱ्याचं उत्तर ‘जपानी’ आलं की घरातली चर्चा तिथेच संपते. माझं म्हणणं असं की, हा तिसरा प्रश्नच चुकीचा आहे. गाडी कुठल्या देशात जन्मली याला वर्ध्यात फारसा अर्थ नाही; गाडी विकणारी कंपनी आपल्या जिल्ह्यात पंधरा वर्षं टिकेल का, याला आहे. नोंदणीच पंधरा वर्षांची असते, आणि आपल्याकडे गाडी एवढी वर्षं वापरली जातेही. वर्ध्याहून नागपूर पाऊणशे किलोमीटर, आर्वी-आष्टीच्या माणसाला त्याहून बरंच लांब. ज्या कंपनीचं वर्कशॉप फक्त नागपुरात, तिच्या गाडीची किरकोळ दुरुस्ती म्हणजे एक दिवसाची मजुरी किंवा रजा आणि जाण्यायेण्याचं पेट्रोल. हा खर्च शोरूमच्या कोटेशनमध्ये कुठेच लिहिलेला नसतो.

निस्सानचं भारतातलं वागणं बारकाईने पाहिलं तर कंपनी टिकेल का ही शंका आधीच यायला हवी होती असं वाटतं. चेन्नईजवळ ओरगडमला रेनोबरोबरचा कारखाना २०१० साली सुरू झाला. मायक्रा आली, पाठोपाठ सनी, इव्हालिया, टेरानो. पण विक्री, जाहिरात आणि डीलर नेमणं ही कामं सुरुवातीची काही वर्षं कंपनीने स्वतःकडे ठेवलीच नव्हती. ती ‘होव्हर ऑटोमोटिव्ह’ नावाच्या दुसऱ्या कंपनीकडे सोपवली होती, आणि हा करार २०१४ च्या सुरुवातीला मोडला. म्हणजे ज्या महिन्यांत नवं, स्वस्त नाव घेऊन गावोगावी पोचायचं, त्याच महिन्यांत घराची मांडामांड चालू होती. कंपनीने दहा टक्के बाजार काबीज करण्याचं स्वप्न बोलून दाखवलं होतं. दोन टक्केही ओलांडता आले नाहीत. डॅटसन गोची सुरुवातीची किंमत दिल्लीत ३ लाख १२ हजार रुपये. एवढ्या कमी किमतीत मोठी जागा आणि बाराशे सीसीचं इंजिन मिळत होतं हे खरंच. मग काटकसर झाली कुठे? पुढे एकच वायपर, स्टीरिओच्या जागी मोबाईल टेकवायची खाच, आणि एअरबॅगचा पत्ता नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपने तिची ताशी ६४ किलोमीटर वेगाने टक्कर चाचणी घेतली आणि मोठ्यांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे दिले. सांगाडाच इतका कमकुवत की एअरबॅग बसवून फारसा उपयोग होणार नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता; संस्थेचे अध्यक्ष मॅक्स मोस्ली यांनी कंपनीचे प्रमुख कार्लोस घोन यांना पत्र लिहून गाडी बाजारातून मागे घ्यायला सांगितलं. न्यायाची बाजू सांगायची तर त्या वर्षी शून्य तारे मिळवणारी ती एकटी नव्हती. ऑल्टो, नॅनो, स्विफ्ट यांची एअरबॅग नसलेली मॉडेल्सही त्याच ओळीत होती. पण मारुतीकडे सावरायला वेळ आणि ग्राहक दोन्ही होते, आणि दहा वर्षांनी, नोव्हेंबर २०२४ मध्ये, नव्या डिझायरला त्याच संस्थेचे पाच तारे मिळाले. डॅटसनवर बसलेला शिक्का पुसायच्या आत डॅटसनच पुसलं गेलं.

नाव मिटल्यावर गाडीमालकाचं नेमकं काय होतं, हे समजून घेणं जास्त उपयोगाचं. ‘सर्व्हिस, सुटे भाग आणि वॉरंटी चालू राहील,’ असं कंपनीने २०२२ मध्ये जाहीर केलं, आणि ते खोटं म्हणायचं कारण नाही. तरी डॅटसन, टेरानो, मायक्रावाल्यांची तक्रार ऐकली तर ती इंजिनाबद्दल क्वचित असते. याचं कारण यांत्रिक आहे. गोचं बाराशे सीसीचं इंजिन मायक्राचंच. डॅटसनच्याच रेडी-गोचं इंजिन आणि तळाचा सांगाडा रेनोच्या क्विडबरोबर वाटून घेतलेला. टेरानो म्हणजे वेगळा चेहरा लावलेली डस्टर, आणि तिचं दीड लिटरचं डिझेल इंजिन सनीतही होतं. त्यामुळे फिल्टर, बेल्ट, क्लच प्लेट, ब्रेक पॅड असला माल रेनोच्या दुकानातून किंवा बाहेरच्या बाजारातून मिळून जातो. चांगला मिस्त्री या गाड्या चालत्या ठेवू शकतो. अडतं ते कातडीपाशी: हेडलाइट, बोनेट, बंपर, दाराची काच, डॅशबोर्डचा तुकडा. हे भाग त्या एकाच मॉडेलचे असतात, दुसऱ्या कुणाशी वाटून घेतलेले नसतात, आणि गाड्या थोड्या असल्या की बाहेरचे कारखानदार त्यांचा साचा करायच्या फंदात पडत नाहीत. एखाद्या रात्री रानडुक्कर आडवं आलं, आणि आपल्या जिल्ह्यात ते येतंच, तर इंजिन शाबूत राहून गाडी बंपर-लाइटसाठी आठवडेच्या आठवडे उभी राहू शकते. मग गिऱ्हाईक गाडीला दोष देतं, डीलर कंपनीला, आणि कंपनी गोदामाला. खरं तर दोष विकत घेतानाच्या हिशेबात असतो: आपण गाडी मोजली, तिच्यामागचं गोदाम मोजलं नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: जपानी गाडी बिघडतच नाही, मग गोदाम हवं कशाला? जपानी कारखान्यांची शिस्त मला मान्य आहे, पण तिची पूजा नको. मित्सुबिशीने १९७७ पासूनच्या ग्राहकांच्या तक्रारी सरकारपासून लपवून ठेवल्या होत्या, हे २००० साली उघड झालं. हीच कंपनी २०१६ मध्ये ॲव्हरेजचे आकडे फुगवताना पुन्हा पकडली गेली. भारतात तिची लान्सर हिंदुस्थान मोटर्सच्या हातून आली. त्या काळी या गाडीचा केवढा थाट होता! आज तिचा मालक सुटा भाग शोधत फिरतो. निस्सानच्या जपानमधल्या कारखान्यांत परवाना नसलेले कामगार अंतिम तपासणी करत होते, म्हणून २०१७ मध्ये सुमारे बारा लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. ताकाता या जपानी कंपनीचे एअरबॅगचे इन्फ्लेटर उष्णता आणि दमटपणाने वर्षागणिक बिघडून, फुगताना धातूचे तुकडे उडवत. जगभरात सुमारे दहा कोटी इन्फ्लेटर परत मागवले गेले आणि २०१७ मध्ये ताकाताने दिवाळं काढलं. भारतात होंडासह काही कंपन्यांच्या जुन्या गाड्या त्या यादीत होत्या. नऊतपा आणि त्यामागून येणारा दमट पावसाळा सोसणाऱ्या विदर्भात जुनी गाडी घेणाऱ्याने ही गोष्ट हसण्यावारी नेऊ नये. चेसिस नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून रिकॉलचं काम झालं आहे की नाही हे बघायला दोन मिनिटं लागतात, पैसे शून्य. आणि ज्या मारुतीमुळे ‘जपानी म्हणजे टिकाऊ’ ही समजूत आपल्याकडे रुजली, तिनेही सप्टेंबर २०२१ मध्ये एक लाख ८१ हजार आणि जुलै २०२३ मध्ये ८७ हजारांहून अधिक गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. गाड्या तिच्याही बिघडतात. पण बिघडलेली मारुती हिंगणघाटला किंवा पुलगावला दुरुस्त होते, आणि लोक त्या सोयीलाच जपानी दर्जा म्हणतात.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: कायदा आहे ना? आहे, आणि तो पूर्वीपेक्षा बराच ग्राहकाच्या बाजूला झुकलेला आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. गाडी नागपुरात घेतली असली तरी राहत्या ठिकाणी, म्हणजे वर्ध्याच्या जिल्हा आयोगात, तक्रार दाखल करता येते. मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाच्याच कक्षेत. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला शुल्क नाही, दहा लाखांपर्यंत दोनशे रुपये. स्वतः चालवून पोट भरणारा टॅक्सीवालाही यात ग्राहकच धरला जातो. पण आधीच्या ग्राहक कायद्याखालच्या प्रकरणांत न्यायालयांनी जे म्हटलं आहे, तेही वाचायला हवं. मारुतीविरुद्धच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली सांगितलं, की वॉरंटी सदोष भाग बदलून द्यायची असेल तर तेवढंच मागता येतं, अख्खी गाडी नव्हे. गोव्यातल्या एका ग्राहकाला २०११ ची म्हणून २००९ ची गाडी दिली गेली होती; फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या फसवणुकीच्या जबाबदारीतून उत्पादक कंपनीला मोकळं केलं, कारण डीलर हा स्वतंत्र व्यापारी, आणि त्याची करणी कंपनीला ठाऊक होती असं सिद्ध झालं नव्हतं. म्हणजे ज्या मोठ्या नावाच्या भरवशावर आपण पैसे मोजतो, ते नाव निकालाच्या वेळी बाजूला उभं राहू शकतं, आणि तोवर डीलरने शटर ओढलेलं असलं तर वसुली कुणाकडून करायची? शिवाय ‘दोष कारखान्यातलाच’ हे तज्ज्ञाच्या अहवालाशिवाय सहसा मानलं जात नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने सक्तीच्या रिकॉलची तरतूद आली, पुढे तिच्या नियमांत एक कोटीपर्यंत दंडाची सोय झाली. पण तिला ठरावीक संख्येने तक्रारी लागतात, आणि ज्या मॉडेलचे मालकच विखुरलेले, त्यांचा आवाज तिथपर्यंत पोचणं कठीण.

म्हणून आपल्या हातातला पुरावा जपणं हाच पहिला उपाय. वर्कशॉपमध्ये गाडी टाकताना तक्रार आपल्याच शब्दांत जॉबकार्डवर लिहून घ्यावी. ‘जनरल चेकअप’ असं लिहू देऊ नये. ‘तिसऱ्या गिअरमध्ये धक्का बसतो, ही चौथी वेळ’ असं लिहायला लावावं. तीच तक्रार चार वेळा लिहिलेले चार कागद हे तोंडी भांडणाच्या शंभर फेऱ्यांहून जड पडतात. तक्रारीला कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, आणि ‘पार्ट येतोय, साहेब’ ऐकण्यात ती सहज निघून जाते.

यातून निस्सान किंवा तिच्यासारख्या कंपनीची गाडी घेऊच नये असा अर्थ कुणी काढला तर तो अतिरेक होईल. निस्सानची मॅग्नाइट २०२० च्या डिसेंबरपासून विकली जाते आहे, कंपनी इथेच राहणार असं सांगते, आणि नवी मॉडेल्सही तिने जाहीर केली आहेत. दुसऱ्या बाजूला चेन्नईच्या कारखान्यातला आपला हिस्सा रेनोला द्यायचं तिने मार्च २०२५ मध्ये जाहीर केलं, आणि त्याच वर्षी मे महिन्यात जगभरात वीस हजार नोकऱ्या कमी करण्याचा बेत सांगितला. दोन्ही बातम्या खऱ्या. घेणाऱ्याने दोन्ही वाचाव्यात. ज्याचं नागपूरला नेहमीचं जाणं-येणं आहे, ज्याचा ओळखीचा मिस्त्री रेनोची इंजिनं उघडतो आणि ज्याला सहा-सात वर्षांनी गाडी विकायची नाही, त्याला जुनी टेरानो किंवा रेडी-गो पडत्या भावात घेणं परवडेलही. त्याने मात्र बयाणा देण्याआधी गावातल्या बॉडीवाल्याला एकच विचारावं: या गाडीचं बोनेट आणि डावा हेडलाइट किती दिवसांत येईल, आणि केवढ्याला? उत्तर द्यायला त्याने फोन उचलला तर ठीक. मान हलवून तो हसला, तर किंमत अजून खाली यायला हवी.

आणि एक बाब सहसा कुणी सांगत नाही. विम्यात गाडीची घोषित किंमत पहिल्या पाच वर्षांसाठी ठरलेल्या घसाऱ्याने काढतात, पण उत्पादन बंद झालेल्या मॉडेलची किंमत विमा कंपनी आणि मालक यांच्या आपसांतल्या समजुतीने ठरते. मालक हप्ता वाचवायला ती कमी लावून घेतो. दुरुस्तीचा खर्च या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला, की गाडी पूर्ण निकामी धरली जाते. दुर्मीळ बंपर, महाग दिवे आणि कमी लावलेली किंमत एकत्र आली, की पुढच्या बाजूचा साधा ठोकाही एका चालत्या गाडीला कागदावर भंगार करायला पुरतो. म्हणून पॉलिसीच्या नूतनीकरणाच्या वेळी हप्त्याच्या आकड्याआधी तो घोषित किमतीचा आकडा बघावा, आणि कमी वाटला तर सही करण्यापूर्वीच वाढवून मागावा.