स्पॅनिश धातु कसा चालवावा?

परकी भाषेचें व्याकरण म्हटलें कीं पुष्कळ विद्यार्थ्यांच्या पोटांत गोळा उठतो. शब्द पाठ होतात, सोपीं वाक्यें जुळतात. परंतु क्रियापदाचीं रूपें समोर आलीं म्हणजे धीर सुटतो. स्पॅनिश भाषेची तर या बाबतींत विशेष ख्याति आहे. कारण तींत एकाच धातूचीं साधीं रूपेंच पन्नासाच्या घरांत जातात. तथापि मराठी ज्याची मातृभाषा आहे, त्यास हें ओझें दिसतें तितकें जड नाहीं. मात्र त्यानें प्रत्येक रूप आधीं इंग्रजींत व मग मराठींत, असा द्राविडी प्राणायाम करूं नये. सरळ मराठींतून स्पॅनिशकडे जावें. हें कसें साधतें, तें या पाठांत दाखविण्याचा आमचा विचार आहे.

स्पॅनिश भाषेचें पहिलें छापील व्याकरण आंतोनिओ दे नेब्रिखा या पंडितानें १४९२ सालीं सालामांका येथें प्रसिद्ध केलें व राणी इसाबेला हिला अर्पण केलें. त्याच वर्षीं कोलंबस पश्चिमेकडे निघाला. पुढें ही भाषा समुद्रापार गेली, आणि आज मेक्सिकोपासून आर्जेंटिनापर्यंत अनेक देशांचा कारभार तींत चालतो. आमच्या किनाऱ्याशींही तिचा थोडा संबंध आहे. १५४२ सालीं गोव्यास उतरलेले संत फ्रान्सिस झेवियर हे नावारा प्रांतांतले; त्यांचीं कित्येक पत्रें स्पॅनिशमध्यें आहेत. मुंबईच्या सेंट झेवियर कॉलेजांतील इतिहासाचे विख्यात अध्यापक फादर हेरास (१८८८–१९५५) हेही मूळचे स्पेनचेच.

धातु व प्रत्यय

स्पॅनिश धातूंचे तीन वर्ग आहेत. कांहींच्या शेवटीं ‘आर’, कांहींच्या ‘एर’ व कांहींच्या ‘ईर’ येतें. आपण ‘आब्लार’, म्हणजे बोलणें, हा धातु घेऊं. लिहितांना याच्या आरंभीं ‘ह’ असतो, पण तो उच्चारीत नाहींत. ‘आर’ काढून टाकिला कीं ‘आब्ल’ हें अंग उरतें. त्यास प्रत्यय जोडीत जावयाचें, इतकेंच काम. स्पॅनिश लेखनांत कांहीं स्वरांवर आघाताची तिरकी रेघ देतात. तेथें आम्ही ‘ऽ’ ही खूण केली आहे. ही खूण क्षुल्लक नव्हे, हें लवकरच दिसून येईल.

वर्तमानकाळ

मी बोलतों — आब्लो; तूं बोलतोस — आब्लास; तो बोलतो — आब्ला; आम्ही बोलतों — आब्लामोस; तुम्ही बोलतां — आब्लाऽइस; ते बोलतात — आब्लान.

‘बोलतोस’ इतकें म्हटलें तरी ‘तूं’ आपोआप कळतो; ‘आब्लास’ यांतही तसेंच. म्हणून स्पॅनिश मनुष्य बहुधा सर्वनाम गाळतो. शिवाय मराठींत पुरुष ‘बोलतों’ व स्त्री ‘बोलतें’ म्हणते, तसा लिंगभेद येथें नाहीं. दोघेंही ‘आब्लो’ असेंच म्हणतात. म्हणजे या एका गोष्टींत स्पॅनिश आपल्या भाषेहून सोपी ठरते.

ज्यांनीं संस्कृत धातु चालविले आहेत, त्यांस आणखी एक मौज दिसेल. ‘वदसि’ यांतील ‘स’ ‘आब्लास’ यांत आहे, ‘वदामः’ याचा शेवट ‘आब्लामोस’ यांत आहे, आणि ‘वदन्ति’ यांतील ‘न’ ‘आब्लान’ यांत उरला आहे. हें साम्य योगायोगाचें नव्हे. स्पॅनिश ही लॅटिनची कन्या, आणि लॅटिन व संस्कृत एकाच प्राचीन कुळांतल्या. सर विल्यम जोन्स यांनीं १७८६ सालीं कलकत्त्यास आपल्या व्याख्यानांत या नात्याकडे विद्वानांचें लक्ष वेधलें होतें.

मान देऊन बोलावयाचें झाल्यास ‘उस्तेद’ हें सर्वनाम योजितात. ‘आपली कृपा’ अशा अर्थाच्या दोन शब्दांचा तो संक्षेप आहे. म्हणून त्यापुढें ‘तो’चें रूप येतें — उस्तेद आब्ला. समोरच्याच गृहस्थास आपण ‘रावसाहेब काय म्हणतात?’ असें विचारतों, तशीच ही रीत आहे.

दोन भूतकाळ

येथें आमच्या पाठाचा गाभा आहे, म्हणून वाचकांनीं थोडें थांबून वाचावें.

पहिला भूतकाळ पुऱ्या झालेल्या क्रियेचा: आब्लेऽ, आब्लास्ते, आब्लोऽ, आब्लामोस, आब्लास्तेइस, आब्लारोन. म्हणजे मी बोललों, तूं बोललास, तो बोलला, इत्यादि. ‘आम्ही’चें रूप वर्तमानकाळासारखेंच आहे, तेथें संदर्भावरून काळ ओळखावा.

दुसरा चालू असलेल्या किंवा नेहमींच्या क्रियेचा: आब्लाबा, आब्लाबास, आब्लाबा, आब्लाऽबामोस, आब्लाबाइस, आब्लाबान. म्हणजे मी बोलत होतों, किंवा बोलत असें. आपले अपूर्ण भूत व रीतिभूत हे दोन्ही काळ या एकाच घरांत राहतात.

आतां हीं दोन वाक्यें पाहा:

कुआन्दो एन्त्रेऽ, एल् पाद्रे आब्लोऽ — मी आंत शिरलों तेव्हां पाद्री बोलले.
कुआन्दो एन्त्रेऽ, एल् पाद्रे आब्लाबा — मी आंत शिरलों तेव्हां पाद्री बोलत होते.

पहिल्या वाक्यांत मी शिरलों, आणि मग ते बोलले. दुसऱ्यांत त्यांचें बोलणें आधींच चाललें होतें. केवढा हा फरक! कोण केव्हां बोलत होता, यावर एखाद्याचा खरेपणा किंवा अपराध ठरावयाचा असेल, तर एका प्रत्ययाच्या चुकीनें साक्ष खोटी होईल. इंग्रजींत नित्याची संवयही पुष्कळदां साध्या भूतकाळानेंच सांगतात. म्हणून इंग्रजीवरून भाषांतर करणारा विद्यार्थी येथें हटकून अडखळतो. मराठी मुलानें मात्र ‘बोलले’ कीं ‘बोलत होते’, ‘बोलत असत’, एवढेंच स्वतःस विचारावें. बहुतेक ठिकाणीं उत्तर हातीं येतें. जी भाषा आईच्या मांडीवर शिकलों, ती परकी भाषा शिकण्याच्या आड येत नाहीं. उलट तीच दिवा धरते.

आघाताच्या खुणेचें महत्त्वही येथेंच कळतें. ‘आब्लो’ म्हणजे मी बोलतों. ‘आब्लोऽ’ म्हणजे तो बोलला. एक रेघ विसरली कीं माणूस बदलला आणि काळही बदलला.

भविष्य व संकेत

येथें ‘आर’ काढावयाचें नाहीं; सगळ्या धातूस प्रत्यय लागतात: आब्लारेऽ, आब्लाराऽस, आब्लाराऽ, आब्लारेमोस, आब्लारेऽइस, आब्लाराऽन — मी बोलेन, तूं बोलशील, इत्यादि. हे प्रत्यय आले कोठून? ‘जवळ असणें’ या अर्थाच्या जुन्या साहाय्यक धातूचीं ‘ए, आस, आ, एमोस, आबेऽइस, आन’ अशीं रूपें आहेत. तींच शेवटीं चिकटलीं. ‘मला बोलावयाचें आहे’ याचेंच पुढें ‘मी बोलेन’ झालें.

त्याच ठिकाणीं ‘ईऽआ’ जोडिला कीं संकेतार्थ होतो: आब्लारीऽआ, आब्लारीऽआस, आब्लारीऽआ, आब्लारीऽआमोस, आब्लारीऽआइस, आब्लारीऽआन. ‘वेळ मिळती तर मी बोलतों’ यांतील शेवटच्या क्रियापदाचा हा अर्थ.

वर दिलेला साहाय्यक धातु ‘आब्लादो’ या रूपापूर्वीं ठेविला म्हणजे पूर्ण वर्तमानकाळ होतो: ए आब्लादो — मी बोललों आहें, आस आब्लादो — तूं बोलला आहेस. यांत ‘आब्लादो’ कधींच बदलत नाहीं.

विध्यर्थ

इच्छा, विनंति, शंका इत्यादि दाखवितांना ‘आ’च्या जागीं ‘ए’ येतो: आब्ले, आब्लेस, आब्ले, आब्लेमोस, आब्लेऽइस, आब्लेन. ‘किएरो के आब्लेस’ म्हणजे तूं बोलावेंस अशी माझी इच्छा आहे. आपला ‘बोलावें’ पुष्कळ ठिकाणीं येथें बरोबर बसतो.

उरलेले दोन वर्ग

‘कोमेर’ म्हणजे खाणें व ‘बिबीर’ म्हणजे जगणें किंवा राहणें. वर्तमानकाळीं कोमो, कोमेस, कोमे, कोमेमोस, कोमेऽइस, कोमेन. आणि बिबो, बिबेस, बिबे, बिबिमोस, बिबीऽस, बिबेन. दोन ठिकाणांखेरीज प्रत्यय सारखेच आहेत. चालू भूतकाळीं दोहोंसही ‘ईऽआ’ लागतो: कोमीऽआ, बिबीऽआ. भविष्याचे प्रत्यय तिन्ही वर्गांत एकच. विध्यर्थांत मात्र उलट होऊन ‘आ’ येतो: कोमा, बिबा. स्पॅनिश लोक जयघोष करितांना ‘बिबा!’ म्हणतात, तें हेंच रूप. अर्थ ‘चिरंजीव होवो’.

अनियमित धातु आहेत, नाहींत असें नाहीं. परंतु चालू भूतकाळांत ते अवघे तीनच आहेत. नियमित धातु एकदां नीट चालवितां आला कीं शेंकडों धातूंचें दार उघडतें.

अभ्यास

‘कान्तार’ म्हणजे गाणें. पुढील रूपांचा पुरुष, वचन व काळ सांगा: (१) कान्ताबान (२) कान्तोऽ (३) कान्ताराऽस (४) कान्तो.

उत्तरें: (१) ते गात होते किंवा गात असत, (२) तो गाइला, (३) तूं गाशील, (४) मी गातों.

पालकांस आमची एक विनंति आहे. स्पॅनिश येत नसली तरी आपल्या मुलाची परीक्षा आपणांस घेतां येईल. त्यास मराठी रूप सांगावें व स्पॅनिश विचारावें. आणि ‘बोलला’ व ‘बोलत असे’ यांत भेद काय, हें त्याच्याच तोंडून वदवून घ्यावें. तो भेद ज्यास सांगतां आला, त्यास रूपें पाठ करावयास फार दिवस लागणार नाहींत. अर्थ न कळतां केलेली घोकंपट्टी परीक्षेच्या दुसऱ्याच दिवशीं उडून जाते. समजून चालविलेला धातु जन्मभर साथ देतो.