एकट्यादुकट्याचे काम नव्हे!

‘डॉक्टर, वडिलांना हृदयाचा विकार, काकांनाही तोच. मला होईल का, हे रक्त तपासून कळेल का?’ असे अनेक जण विचारतात. काही विकारांत ते कळते. पण त्यासाठी हजारो अनोळखी माणसांचे रक्त आधी तपासलेले असावे लागते. ते का, हे आज पाहू.

जनुके म्हणजे काय?

आपल्या शरीरातील बहुतेक पेशींत डी.एन.ए. नावाचा लांबलचक धागा असतो. त्यावर फक्त चार अक्षरांच्या लिपीत शरीराच्या जडणघडणीच्या सूचना लिहिलेल्या असतात. आईकडून एक व वडिलांकडून एक असे दोन संच आपल्याला मिळतात. एका संचात सुमारे ३०० कोटी अक्षरे असतात. त्यातील एकेका कामाचा मजकूर म्हणजे जनुक.

कोणत्याही दोन माणसांच्या मजकुरात लाखो ठिकाणी फरक असतो व बहुतेक फरक निरुपद्रवी असतात. मग रोगाशी संबंधित फरक ओळखायचा कसा? रोगी व निरोगी अशा पुष्कळ लोकांचा मजकूर संगणकावर ताडून पाहावा लागतो. या शास्त्राला जैवमाहितीशास्त्र म्हणतात. एका इस्पितळाकडे एवढे रुग्ण नसतात, म्हणून अनेक संस्थांनी एकत्र यावे लागते.

जगाचा अनुभव

मानवी जनुकसंचाचा आराखडा वाचण्याचे काम १९९० साली सुरू झाले. अमेरिका, ब्रिटन, जपान, फ्रान्स, जर्मनी व चीन या सहा देशांतील केंद्रांनी ते वाटून घेतले. वाचलेला मजकूर शक्यतो २४ तासांत सर्वांना खुला करायचा, असे शास्त्रज्ञांनी १९९६ साली बर्म्युडा येथे ठरवले. काम पूर्ण झाल्याची घोषणा २००३ साली झाली.

आपली माहिती आपणच हवी

परदेशी माहितीवर आपले भागत नाही. हृदयाच्या स्नायूशी संबंधित एका जनुकातील २५ अक्षरे गळाल्याचे आधी मोजक्या भारतीय कुटुंबांत दिसले होते. पुढे हैदराबादच्या सी.सी.एम.बी.सह देशविदेशांतील अनेक संस्थांनी मिळून शंभराहून अधिक भारतीय समाजगटांतील हजारो लोक तपासले. हा दोष शंभरात सुमारे चार जणांत आढळतो व त्याने हृदय कमकुवत होण्याचा धोका वाढतो, असे २००९ साली प्रसिद्ध झाले. युरोपीय लोकांचे रक्त कितीही तपासले असते, तरी हे उमगले नसते.

२०२० साली सुरू झालेल्या ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पात देशातील २० संस्था एकत्र आल्या. सुमारे दहा हजार भारतीयांचे जनुकसंच वाचून ती माहिती फरिदाबादच्या केंद्रात ठेवली गेली व जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुली झाली.

वाचकांनी काय करावे?

१) आजी-आजोबा, काका, मामा, आत्या, मावशी यांचे आजार व मृत्यूसमयीचे वय वहीत लिहून ठेवा. डॉक्टरांना ही वही फार उपयोगी पडते.

२) घरात कमी वयात हृदयविकार वा अचानक मृत्यू झाला असल्यास ई.सी.जी. व हृदयाची सोनोग्राफी करावी का, हे डॉक्टरांना विचारा. जनुकात दोष आढळला म्हणजे रोग होतोच असे नाही.

३) संशोधनासाठी रक्त मागितल्यास संमतिपत्र समजेल अशा भाषेत वाचून घ्या. नाव गुप्त राहील का, नमुना कोणाला दिला जाईल, अहवाल मिळेल का, हे विचारा. नकार देण्याचा व पुढे माघार घेण्याचा तुम्हाला हक्क आहे. नकार दिला म्हणून उपचार थांबवता येत नाहीत.

शंकानिरसन झाले, तर मात्र नमुना जरूर द्या. त्याचा लाभ कदाचित तुम्हाला मिळणार नाही, पण नातवंडांच्या डॉक्टरला तो नक्की उपयोगी पडेल.