टूथपेस्टची किंमत आणि गुण : वैद्य व औषधविक्रेते यांच्यासाठी एक विचार

स्वस्थवृत्तात दंतधावनाचे स्थान दिनचर्येच्या आरंभीच आहे. दंतपवन दिवसातून दोन वेळा करावे, काडी कषाय, कटु वा तिक्त रसाची असावी, तिचे टोक कुटलेले असावे आणि हिरड्यांना इजा होऊ देऊ नये, असे चरकाचार्य सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात सांगतात. सुश्रुताचार्य तिक्त रसात निंब, कषायात खदिर, मधुरात मधूक व कटु रसात करंज श्रेष्ठ मानतात. ही द्रव्ये बांधावरची होती. त्यांच्या किमतीचा प्रश्नच नव्हता. आज मात्र रुग्ण हातात नळी घेऊन विचारतो, "डॉक्टर, ही स्वस्तातली चालेल का?" या प्रश्नाचे उत्तर आपण प्रामाणिकपणे देतो का, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

एक अनुभव

सात वर्षांच्या एका मुलाला त्याची आई आमच्याकडे घेऊन आली. मुलाच्या तीन दाढा किडलेल्या होत्या. आमच्याच सल्ल्याने ती माऊली दोन वर्षे एक महाग वनौषधीयुक्त टूथपेस्ट घेत होती. मोलमजुरीच्या पैशातून ती विकत घ्यायची, म्हणून पुरवून पुरवून, दिवसातून एकदाच वापरायची. त्या नळीत फ्लोराईड नव्हते आणि रात्री दात घासण्याविषयी आम्ही काही सांगितले नव्हते. दोष त्या कल्काचा नव्हता, आमच्या सल्ल्याचा होता.

नळीत असते काय?

कोणत्याही टूथपेस्टमध्ये मुख्यतः घासणारे द्रव्य, ओलावा राखणारे सॉर्बिटॉल वा ग्लिसरीन, फेस आणणारे द्रव्य, बांधणी करणारा डिंक आणि सुगंध असतो. स्वस्त पांढऱ्या पेस्टमधील घासणारे द्रव्य बहुधा कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे आपली खटिकाच. दशनसंस्कार चूर्णात शुंठी, हरीतकी, मुस्ता, खदिर, लवंग इत्यादींबरोबर खटिका योजलेली आहे, हे वैद्यांना सांगणे नकोच. पारदर्शक, महाग जेलमध्ये तिच्या जागी सिलिका असते. दातांवरील मल काढण्याचे काम दोन्ही करतात. त्यातही मोठा वाटा ब्रशचा आणि हाताचा असतो.

दंतक्षय रोखण्याचा सर्वांत भक्कम पुरावा फ्लोराईडच्या बाजूने आहे. २००३ च्या कॉक्रेन समीक्षेत बालक व किशोरांमध्ये फ्लोराईडयुक्त पेस्टमुळे दंतक्षय सरासरी २४ टक्क्यांनी कमी आढळला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये फ्लोराईड टूथपेस्टचा आवश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. आपल्या देशात टूथपेस्टमधील फ्लोराईडला १००० पीपीएमची कमाल मर्यादा असून ते प्रमाण वेष्टनावर छापावे लागते. ही मर्यादा स्वस्त व महाग दोन्ही नळ्यांना सारखीच लागू आहे. म्हणून दोन्हींवर १००० पीपीएम लिहिलेले असेल, तर केवळ अधिक किमतीमुळे किडीपासून अधिक संरक्षण मिळते असे मानण्यास आधार नाही.

वनौषधींच्या पेस्ट हिरड्यांची सूज व दातांवरील थर कमी करण्यास उपयुक्त ठरू शकतात. परंतु आयुर्वेदीय परवान्याखालील बहुतेक पेस्टमध्ये फ्लोराईड नसते. ही गोष्ट रुग्णापासून लपविणे शास्त्राला धरून नाही.

किंमत कोठे सार्थ ठरते?

थंड-गरम लागून दात शिवशिवत असतील, म्हणजे दंतहर्षाची लक्षणे असतील, तर पोटॅशियम नायट्रेट असलेली विशेष पेस्ट उपयोगी पडते; तेथे अधिक पैसे खर्च करणे योग्य. मात्र दात शुभ्र करण्याच्या नावाखाली विकली जाणारी काही उत्पादने अधिक खरखरीत असतात. हिरड्या उतरून मुळे उघडी पडलेल्या रुग्णास ती देऊ नयेत.

स्वस्त ते सारेच निर्दोष असेही नाही. राखुंडी, कोळसा व विटेची पूड दातांचे आवरण झिजवितात. मिश्री तर भाजलेला तंबाखूच आहे. १९९२ मध्ये केंद्र शासनाने दंतमंजन व टूथपेस्टमध्ये तंबाखू वापरण्यास बंदी घातली, तरी घरोघरी मिश्री लावण्याची सवय अजून सुटलेली नाही. ती सोडविणे हे कोणतीही नळी विकण्यापेक्षा मोठे कार्य आहे.

औषधविक्रेत्यांसाठी

खटिकेच्या पेस्टमध्ये बहुधा सोडियम मोनोफ्लोरोफॉस्फेट वापरतात, कारण साधे सोडियम फ्लोराईड कॅल्शियमशी बांधले जाऊन निरुपयोगी होते. तरीही उष्णतेत व दीर्घ साठवणुकीत यातील कार्यक्षम फ्लोराईड हळूहळू घटते. म्हणून स्वस्त पेस्टचा साठा उन्हात ठेवू नये, जुना माल आधी काढावा आणि मुदत संपलेली नळी सवलतीत विकू नये. वनौषधींच्या पेस्टची तुलना करताना जाहिरात न पाहता घटकद्रव्यांचे छापील प्रमाण पाहावे.

रुग्णास द्यावयाचा सल्ला

१. रात्री झोपण्यापूर्वी व सकाळी, दोन्ही वेळा दात घासावेत.

२. तीन वर्षांखालील बालकास तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढीच पेस्ट द्यावी व ती मोठ्यांच्या देखरेखीखाली थुंकावयास लावावी.

३. घासल्यावर फेस थुंकावा. भरपूर पाण्याने चुळा भरू नयेत. कवल वा गंडूष करावयाचा असल्यास घासण्यापूर्वी अथवा वेगळ्या वेळी करावा.

४. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड अशा जिल्ह्यांतील ज्या गावांच्या भूजलात फ्लोराईड अधिक आहे, तेथे पाण्याची तपासणी करून लहान मुलांबाबत दंतवैद्याचा सल्ला घ्यावा.

५. दाढ किडलेली दिसताच रुग्णास दंतवैद्याकडे पाठवावे. पडलेला खड्डा कोणत्याही पेस्टने भरत नाही.

त्या मुलाच्या आईला आम्ही आता साधी, फ्लोराईडयुक्त, परवडणारी नळी सुचविली आहे आणि दोन वेळा घासण्याचा आग्रह धरला आहे. महाग नळीवरील नफा आमच्या फळीवर थोडा कमी झाला. परंतु ती माऊली पुन्हा विश्वासाने येते, आणि वैद्याची खरी मिळकत तीच आहे, असे आम्हांस वाटते.