लग्नाआधी एक हिवाळा

चौबे कॉलनी,
रायपूर

चि. सोनू,



तुझं पत्र मिळालं. "मावशी, तू हो म्हटलंस की आईही म्हणेल," असं तू शेवटी लिहिलं आहेस. ताईचं मन वळवणं मला जमेल, पण त्याआधी मला तुझ्याशी बोलायचं आहे. फोनवर तू मला मधेच तोडतेस, म्हणून लिहिते आहे.

मुलगा मला आवडला, हे आधी सांगून टाकते. शांत आहे, जेवताना वाढलेलं संपवतो, भाऊजींशी बोलताना घाई करत नाही. तो जर्मन आहे, ख्रिस्ती आहे, यावरून घरात जी कुजबुज चालली आहे तिच्याकडे तू लक्ष देऊ नकोस. लोक म्हणतात, मुलगी परमुलखात जाईल. आपण इथे कुठून आलो? 1758 मध्ये बिंबाजी भोसले नागपूरहून येऊन रतनपूरच्या गादीवर बसले, आणि पुढे कारकुनी, भिक्षुकी, शिपाईगिरी करायला मराठी घरं या मुलखात येत राहिली. तुझी पणजी अमरावतीहून लग्न होऊन तात्यापाऱ्यात आली तेव्हा तिला छत्तीसगढीचं एक अक्षर कळत नव्हतं. म्हातारपणी ती भाजीवालीशी छत्तीसगढीतच भांडायची.

पण पणजीला दारातून बाहेर पडलं की मराठी बोलणारी दहा घरं होती. हळदीकुंकवाला बोलावणाऱ्या बायका होत्या, सासूने छळलं तर कान देणारी शेजारीण होती. तुला त्याच्या श्टुटगार्टमध्ये पहिल्या दिवशी फक्त तो असेल. माझी सगळी काळजी या एका गोष्टीची आहे.

दिवाळीत तुम्ही आलात तेव्हा आपण गोल बाजारात गेलो होतो, आठवतं? बांगड्यांच्या दुकानात तू अर्ध्या हिंदीत, अर्ध्या छत्तीसगढीत घासाघीस करत होतीस. तो मागे दोन्ही हातांत पिशव्या धरून उभा होता. काय चाललंय ते त्याला कळत नव्हतं. भाव ठरला की तू त्याच्याकडे बघून बोटं दाखवायचीस आणि तो हसायचा. पाणी हवं तर त्याने तुला सांगायचं, रिक्षा हवी तर तुला सांगायचं, दुकानदाराने काही विचारलं तर तुझ्या तोंडाकडे बघायचं. पुण्यातही थोडंफार असंच होतं. दोन वर्षं तो तुझ्या देशात, तुझ्या माणसांत राहिला. घरमालकाशी तूच बोललीस, दवाखान्यातही तूच गेलीस. तू त्याच्याशी फार चांगली वागलीस आणि तोही मोठ्या मनाने तुझ्यावर अवलंबून राहिला. त्याचा हा गुण मला खरंच मोलाचा वाटतो.

तिकडे गेल्यावर पिशव्या तुझ्या हातात येतील. बँकेचं पत्र आलं की तूच त्याच्या तोंडाकडे बघशील. सगळी सूत्रं स्वतःच्या हातात असताना तो कसा वागतो, हे तू अजून पाहिलेलं नाहीस. तो वाईट वागेल असं मी म्हणत नाही. तुला ते माहीत नाही, इतकंच. आणि हे माहीत नसताना लग्नाचा निर्णय घ्यायचा नसतो.

म्हणून माझं सांगणं असं की आधी तिकडे जाऊन ये, आणि तेही हिवाळ्यात. उन्हाळ्यातली जर्मनी सगळ्यांनाच आवडते. डिसेंबर-जानेवारीत तिथे साडेचारच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि माणसं दारं लावून घेतात. तो कामावर गेल्यावर ते लांबलचक संध्याकाळचे तास तू कसे काढतेस ते बघ. शेंगेन व्हिसावर 180 दिवसांत 90 दिवस राहता येतं, काम करता येत नाही. पाहायला तेवढे दिवस पुरेत. त्याने खर्चाचं हमीपत्र लिहून दिलं तर व्हिसा सोपा जाईल, हे मला ठाऊक आहे. तरी शक्यतो स्वतःच्या बँकेतली शिल्लक दाखवून जा. जाताना नातं लपवू नकोस, अर्जात खरं तेच लिही. आणि तिथे भावनेच्या भरात पाहुणी म्हणून गेलेली असतानाच लग्न उरकून टाकू नकोस.

तिकडे त्याच्या आईबरोबर एक दिवस एकटी राहा, तो नसताना. त्याचे मित्र जमले की ते तुझ्यासाठी इंग्रजीत बोलतात का, आणि किती वेळ, ते बघ. अर्ध्या तासाने सगळे आपल्या भाषेत शिरतात, तो त्यांचा दोष नाही. तेव्हा तो तुझ्याकडे वळून पाहतो का, ते मात्र लक्षात ठेव. तू चिडलीस तर चिडूनही बघ. तुमचं दोघांचं भांडण आजवर इंग्रजीत झालं आहे, म्हणजे दोघांचीही नसलेल्या भाषेत. त्याच्या घरात, त्याच्या भाषेत तो रागावला की कसा असतो?

आता तुला दोन बायांबद्दल सांगते. दोघींची नावं तुला माहीत असतील, पण त्यांच्याकडे या बाजूने पाहिलं नसशील.

एक शकुंतलाबाई परांजपे. रँग्लर परांजप्यांची मुलगी, केंब्रिजला गणित शिकलेली. तीसच्या दशकात जिनिव्हाला आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेत त्या काम करत होत्या आणि युरा स्लेप्टझॉफ नावाच्या रशियन चित्रकाराशी त्यांनी लग्न केलं. 1938 मध्ये सई जन्मली आणि थोड्याच काळात ते लग्न मोडलं. त्या काळी मराठी घरात हे किती जड गेलं असेल! पण बाई मोडल्या नाहीत. हाताशी पदवी होती, कामाचा अनुभव होता आणि वडिलांच्या घराचं दार उघडं होतं. पुढे त्यांनी संततिनियमनाच्या प्रचारात उभं आयुष्य घातलं, राज्यसभेत गेल्या, 1991 मध्ये पद्मभूषण मिळालं, आणि मुलगी कशी वाढवली ते आपण तिच्या सिनेमांतून पाहिलंच आहे. लोक हे उदाहरण 'बघा, परदेशी लग्न टिकत नाही' म्हणून देतात. मला त्यात वेगळं दिसतं. लग्न टिकलं नाही तरी बाई टिकली, कारण ती कोणाच्या आधाराने तिथे राहत नव्हती.

दुसऱ्या सावित्रीबाई खानोलकर. मूळच्या ईव्ह यव्हॉन, स्वित्झर्लंडच्या नॉयशातेलला 1913 मध्ये जन्मलेल्या. सँडहर्स्टला शिकणारा विक्रम खानोलकर हा मराठी तरुण त्यांना सुट्टीत भेटला. वडिलांचा विरोध होता. तरी काही वर्षांनी त्या हिंदुस्थानात आल्या आणि 1932 मध्ये लखनौला लग्न केलं. नुसत्या नवऱ्याच्या मागे आल्या नाहीत. मराठी शिकल्या, संस्कृत शिकल्या, पुराणं वाचली, महाराष्ट्रातल्या संतांवर पुस्तक लिहिलं. परमवीर चक्राची रचना करायची वेळ आली तेव्हा ते काम या बाईंकडे आलं, आणि दधीचीच्या अस्थींपासून घडलेलं इंद्राचं वज्र त्यांनी त्या पदकावर कोरून घेतलं. 1952 मध्ये विक्रम गेले. तेव्हा त्यांना परत जायला कोणी अडवलं नसतं. त्या राहिल्या, 1990 मध्ये इथेच वारल्या. ज्याच्यासाठी आल्या तो माणूस गेल्यानंतरही हा मुलूख त्यांचा राहिला, कारण तो त्यांनी स्वतः मिळवला होता.

सोनू, तू जाशील तर तुझ्यापाशी दोघींचंही हवं. शकुंतलाबाईंसारखं हातात स्वतःचं काम आणि मागे उघडं दार, आणि सावित्रीबाईंसारखी त्या मुलखाची ओढ, त्याच्यावाचूनही टिकेल अशी. स्वतःला विचारून बघ. तो माणूस क्षणभर बाजूला ठेवला तर त्या देशात तुला काही हवंसं वाटतं का? तिथली भाषा, काम, एखादी कला, काहीही. उत्तर नाही आलं तर त्याला इकडे येता येईल का, हा प्रश्न मनमोकळेपणाने टेबलावर ठेव. तुम्ही दोघांनी तो एकदाही विचारलेला नाही, हे मला खटकलं. पुण्यात त्याची नोकरी होतीच की.

आता कामाचं. तू फिजिओथेरपिस्ट आहेस आणि जर्मनीत हा परवान्याचा धंदा आहे. आपली पदवी तिथल्या अधिकाऱ्यांकडून मान्य करून घ्यावी लागते आणि जर्मन साधारण बी-टू पातळीची लागते. बायको म्हणून व्हिसा मिळवायला ए-वन पुरतं, पण ए-वन म्हणजे नाव-गाव सांगणं आणि भाव विचारणं. त्या जर्मनमध्ये तू पेशंटला 'इथे दुखतं की तिथे' एवढंही नीट विचारू शकणार नाहीस. पुण्यात मॅक्समुल्लर भवन आहे, आजच नाव घाल. बी-वन होईपर्यंत लग्नाची तारीख धरू नये, हे माझं स्पष्ट मत. वर्ष जाईल. जाऊ दे. तो थांबणार नसेल तर तेही आत्ताच कळलेलं बरं.

आणि एक कायदा नीट समजून घे. लग्न करून गेलीस की तुला काम करायची मुभा मिळते, पण राहण्याचा हक्क आधी त्या लग्नावरच टेकलेला असतो. जर्मनीत तीन वर्षं एकत्र संसार झाल्यावर तो स्वतंत्र होतो. बाईचा छळ होत असेल तर आधीही मिळू शकतो, पण ते सिद्ध करत बसावं लागतं. त्या तीन वर्षांत तुझं खातं, तुझी कमाई, तुझे कागद तुझ्याजवळ हवेत. पासपोर्ट कोणत्या कपाटात आहे ते तुला ठाऊक हवं. परतीच्या तिकिटाचे पैसे इथल्या बँकेत तुझ्या एकटीच्या नावावर ठेव आणि त्यांना हात लावू नकोस. ताईने केलेले दागिने लॉकरमध्येच राहू देत. हा त्याच्यावर अविश्वास नाही. रायपुरातल्याच एखाद्या मुलाशी लग्न करणार असतीस तरी मी हेच सांगितलं असतं.

लग्न इथे कर. विशेष विवाह कायदा 1954 चा, धर्म बदलायची गरज नाही. ज्या जिल्ह्यात नोटीस द्यायची तिथे तुमच्यापैकी एकाचं आधी तीस दिवस वास्तव्य लागतं, आणि नोटीस लागल्यावर आणखी तीस दिवस हरकतींसाठी जातात. म्हणजे दोनेक महिने तुला रायपुरात राहावं लागेल, रजेचं तसं बघ. त्याने आपण अविवाहित असल्याचं तिकडचं प्रमाणपत्र आणावं. इथे लग्न करण्यामागे माझा स्वार्थ आहेच, मला तुझ्या डोक्यावर अक्षता टाकायच्या आहेत. पण या कायद्याखाली झालेल्या लग्नात काही बिनसलं तर बायको जिथे राहते तिथल्या कोर्टात दाद मागू शकते, हेही ध्यानात घे. माहेरी येऊन दाद मागता येणं ही साधी गोष्ट नाही.

मामा म्हणतो की परधर्मात लग्न केलं की घरातला वाटा जातो. जात नाही. अशा लग्नाने एकत्र कुटुंबातून तू वेगळी धरली जातेस, हक्क बुडत नाही. नागरिकत्वाचं मात्र सावकाश ठरव. जर्मनीने 2024 पासून दोन नागरिकत्वं चालवून घेतली आहेत, आपला कायदा चालवत नाही. तिकडचा पासपोर्ट घेतलास की इकडचा गेला. मग ओसीआय कार्डावर आयुष्यभर येता-जाता येईल, वडिलांची शेती वारशाने घेता येईल, पण नवीन शेतजमीन विकत घेता येणार नाही आणि मतही देता येणार नाही. त्या देशात मन रुजल्याशिवाय हा पासपोर्ट सोडू नकोस.

राहता राहिले ताई-भाऊजी. 'म्हातारपणी आमचं कोण' हे ते तुला बोलून दाखवणार नाहीत, मलाच बोलले. मी तुला त्या दोरीने बांधणार नाही. आई-बाप मुलीला जवळ ठेवण्यासाठी तिचं लग्न मोडत नसतात. पण त्यांना 'येत राहीन' असं मोघम सांगू नकोस. आपल्याकडे पोळ्यानंतर भाऊ बहिणीला तीजेसाठी आणायला जातो. साठीची म्हातारी असली तरी ती माहेरी येते, आदल्या रात्री कारल्याची भाजी आणि भात खाते, उपास करते, माहेरची नवी साडी नेसते. आपली हरतालिकाही त्याच दिवशी असते. या मुलखातली बाई सासरी कितीही अडकली तरी हे दिवस तिचे असतात आणि सासरचे त्यात आडवे येत नाहीत. तूही त्याला लग्नाआधी सांग, की वर्षातले तीन आठवडे माझे, रायपूरचे, आणि ते सुट्टीच्या हिशोबात धरायचे नाहीत. शब्दात नको, कॅलेंडरवर ठरवून घ्या. यावर तो काय म्हणतो ते मला कळव. त्याच्या हसण्या-बोलण्यापेक्षा मला या उत्तरातून तो जास्त कळेल.

ताईशी मी या आठवड्यात बोलते. लग्नाला होकार दे, असं मी तिला म्हणणार नाही. 'पोरगी हिवाळ्यात तिकडे जाऊन येतेय, तिला जाऊ दे,' एवढंच म्हणेन, आणि ते ती ऐकेल.

तुझ्या जन्मदाखल्यावर आडनावाचं स्पेलिंग पासपोर्टपेक्षा वेगळं आहे, ताईने मला दाखवलं. जर्मन लोक कागद फार बारकाईने तपासतात. आपलं अपोस्टिल ते मान्य करत नाहीत, पडताळणी करवून घेतात आणि त्यात महिने जातात. नगर निगमात जाऊन दुरुस्तीचा अर्ज मी भरून ठेवते. तू पासपोर्टची आणि दहावीच्या मार्कशीटची साक्षांकित प्रत कुरिअरने पाठव.

तुझी,
मावशी