गर्भहानीनंतरचे मनःस्वास्थ्य

गावात मूल जन्माला आले की बारसे होते, आप्तेष्ट जमतात. घरात मृत्यू झाला की शेजारीपाजारी भेटीस येतात, सुतक पाळले जाते. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात गर्भ गेलेल्या स्त्रीच्या वाट्याला मात्र यांपैकी काहीच येत नाही. ‘पोट पडलं’ एवढे दोन शब्द दबक्या आवाजात बोलले जातात आणि आठवडाभरात ती पुन्हा चुलीपुढे, शेतावर किंवा कचेरीत दिसू लागते. तिचे शरीर बहुधा सावरते. तिच्या मनाची विचारपूस क्वचितच होते.

ही घटना विरळा आहे, असे समजण्याचे कारण नाही. दिवस गेल्याचे कळल्यानंतर १०० पैकी सुमारे १० ते १५ गर्भधारणा आपोआप संपुष्टात येतात आणि त्यांतील बहुसंख्य पहिल्या १२ आठवड्यांतच. सुरुवातीच्या काळात गेलेल्या गर्भांपैकी जवळजवळ निम्म्यांत गुणसूत्रांची रचनाच सदोष असते. तो दोष बहुधा गर्भ रुजतानाच निर्माण झालेला असतो. नंतर कोणी काही केले म्हणून तो येत नाही आणि कोणी काही टाळले म्हणून तो जात नाही.

ही एक गोष्ट स्पष्ट शब्दांत सांगितली गेली, तर निम्मे दुःख हलके होईल असे प्रस्तुत लेखकास वाटते. कारण अशा स्त्रीला छळणारा पहिला प्रश्न ‘माझे काय चुकले?’ हाच असतो, आणि त्याची उत्तरे द्यायला घरीदारी अनेकजण तयार असतात. ग्रहणात विळी हाती घेतली, घागर उचलली, उंबऱ्यावर बसली, सासूशी भांडली, एस. टी. ने माहेरी गेली! यांपैकी कशानेही गर्भ जात नाही. तीव्र हिवताप, अनियंत्रित मधुमेह, थायरॉइडचे विकार यांसारखी काही वैद्यकीय कारणे अवश्य आहेत; मिश्री किंवा तंबाखूच्या सेवनाने मूल पोटातच दगावण्याचा धोका वाढतो, हेही खरे. परंतु ती चर्चा पुढील गर्भधारणेपूर्वी डॉक्टरांसमोर व्हावी, शोकाच्या पहिल्या आठवड्यात माजघरात नव्हे. आपली भाषाही येथे थोडी अन्याय करते. आपोआप गेलेला गर्भ आणि पाडलेला गर्भ या दोहोंना आपण ‘गर्भपात’ हाच शब्द वापरतो. त्यातील संशयाची छाया निष्कारण त्या स्त्रीवर पडते.

हे दुःख दुःखच नव्हे, असे मानण्याची रीत आपल्या परंपरेत होती असेही नाही. धर्मशास्त्रावरील जुन्या ग्रंथांनी चौथ्या महिन्यापर्यंतचा गर्भस्राव आणि पाचव्या-सहाव्या महिन्यातील गर्भपात असा भेद केला असून, जितके महिने तितक्या रात्री मातेस अशौच सांगितले आहे. त्यामागील कल्पना शुद्धाशुद्धतेची होती, हे मान्य. तरीही काहीतरी गेले आहे आणि त्यासाठी काही दिवस थांबले पाहिजे, एवढी नोंद तेथे होती. आजची घाई ती नोंदही ठेवीत नाही.

गर्भ चौथ्या-पाचव्या महिन्यानंतर गेला असल्यास दोन-चार दिवसांत मातेस दूध येऊ लागते. रुग्णालयातून रिकाम्या हातांनी घरी परतलेल्या स्त्रीवर हा प्रसंग अवचित कोसळतो, कारण त्याविषयी तिला आधी कोणी सांगितलेले नसते. स्तनांना नीट आधार देणारे वस्त्र, थंड पाण्याची घडी आणि फार ठणका असल्यास थोडेसेच दूध काढणे, एवढ्याने काही दिवसांत ते ओसरते. ताप आला किंवा स्तन लाल होऊन दुखू लागला तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. परिचारिकेने हे चार शब्द घरी पाठवण्यापूर्वीच सांगावेत. रक्तस्रावामुळे आलेला पंडुरोगही मनाची मरगळ वाढवतो. म्हणून लोहाच्या गोळ्या बंद करण्याची घाई करू नये.

झोप न लागणे, वारंवार रडू येणे, दुसऱ्याच्या बारशाला जावेसे न वाटणे हा आजार नव्हे; तो शोक होय आणि बहुतेकींच्या बाबतीत तो काही आठवड्यांत किंवा महिन्यांत निवळतो. सर्वांच्या बाबतीत मात्र नाही. लंडनमधील रुग्णालयांत झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, गर्भ गेल्यानंतर एका महिन्याने २९ टक्के स्त्रियांत तीव्र मानसिक आघाताची लक्षणे आढळली. नऊ महिन्यांनीही १८ टक्के स्त्रिया त्यातून बाहेर आलेल्या नव्हत्या. अन्न नकोसे होणे, सतत स्वतःला दोष देणे, जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार बोलून दाखवणे अशी चिन्हे दिसल्यास विलंब न करता वैद्यकीय मदत घ्यावी. २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही विनामूल्य बोलता येते.

पतीचे दुःख तर कोणाच्या गणतीतच नसते. दवाखान्याची धावपळ, पैशाची जुळवाजुळव आणि वडीलधाऱ्यांना उत्तरे देणे यांत तो गप्प होतो, आणि पत्नीला ते गप्प राहणे कोरडेपणाचे वाटते. घरातील मोठ्या मुलास ‘बाळ दवाखान्यात विसरलं’ असे सांगू नये. बाळ नको असे आपण एकदा म्हटलो म्हणून हे घडले, अशी समजूत मुले करून घेतात. वर्गात एखादे मूल अचानक अबोल झाले, तर शिक्षकांनी ही शक्यता ध्यानात ठेवावी.

नवजात बालक असलेल्या घरी आशा सेविकेच्या सहा ते सात भेटी ठरलेल्या असतात. बाळच नसेल तर तो क्रम थांबतो, म्हणजे गरज असते नेमकी तेव्हाच आपली यंत्रणा पाठ फिरवते. निदान दोन भेटी तरी व्हाव्यात. अंगणवाडीच्या नोंदवहीत योग्य ती दुरुस्ती वेळीच झाली, तर ‘लसीकरणाला का आला नाहीत?’ हा प्रश्न तिच्या दारात विचारला जाणार नाही. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत अशी स्त्री पुढील गर्भधारणेच्या वेळी नव्याने लाभार्थी ठरते, हेही तिला सांगावे. पण पहिल्याच भेटीत नको.

कार्यालयप्रमुखांनी रजेची तरतूद जाणून घ्यावी. १९६१ च्या प्रसूती लाभ अधिनियमाने गर्भपातानंतर सहा आठवड्यांची सवेतन रजा दिली होती. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती आहे. केंद्र शासनाने सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्या महिला कर्मचाऱ्यांना मृतजन्म झाल्यास किंवा जन्मानंतर लवकरच मूल दगावल्यास ६० दिवसांची विशेष प्रसूती रजा देऊ केली. दोनपेक्षा कमी हयात अपत्ये असणाऱ्यांसाठी असलेल्या त्या आदेशात मातेच्या भावनिक आघाताचा स्पष्ट उल्लेख आहे. रजेचे कारण कर्मचारीवर्गात चर्चेचा विषय होऊ न देणे, हे मात्र प्रमुखाच्याच हाती असते.

ऊसतोडीला गेलेल्या स्त्रीपर्यंत यांपैकी काहीच पोचत नाही. तेथे पतिपत्नी मिळून एक कोयता धरला जातो. ती फडात उतरली नाही तर खाडा पडतो आणि दंड उचलीतून वळता होतो. कारखाने बंद झाल्यावर टोळ्या गावी परततात. त्या वेळी आशा सेविकेने किंवा ग्रामपंचायतीच्या महिला सदस्याने घरी जाऊन, हंगामात काय झाले, असे विचारले, तर ते विचारणारी ती बहुधा पहिलीच व्यक्ती असेल.