पडद्यापुढील काम आणि डोळ्यांतील ओलावा

परळ-लालबागच्या परिसराला गिरणगाव हे नाव कापडगिरण्यांनी दिले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर बहुतेक गिरण्यांचे भोंगे एकामागून एक बंद झाले आणि पुढील काही दशकांत त्यांच्या जमिनींवर कार्यालयांच्या इमारती उभ्या राहिल्या. लोअर परळच्या कमला मिलच्या आवारात आता मागांऐवजी संगणक चालतात. कामाचे स्वरूप पालटले तशी कामापासून होणारी व्याधीही पालटली. सूत खात्यातील कामगाराला कापसाच्या तुसांमुळे फुप्फुसांचा विकार जडत असे. संगणकापुढे आठ-नऊ तास बसणाऱ्याची तक्रार डोळ्यांविषयी असते. वाळूचा कण गेल्याप्रमाणे डोळे खुपतात, जळजळतात, सायंकाळच्या सुमारास अक्षरे पुसट दिसू लागतात आणि पापण्या मिटल्या की क्षणभर बरे वाटते. ही बहुधा डोळे कोरडे पडल्याची लक्षणे होत.

ओलावा कसा टिकतो?

डोळ्याच्या पृष्ठभागावर अश्रूंचे एक अतिशय पातळ आवरण सदैव असते. त्यातील पाणी प्रामुख्याने अश्रुग्रंथींतून येते. ते डोळ्याला धरून राहावे म्हणून त्यात चिकट द्रव्य असते, तर ते लवकर उडून जाऊ नये म्हणून वर तेलाचा पातळ थर असतो. हे तेल पापण्यांच्या कडांतील सूक्ष्म ग्रंथींतून पाझरते. पापणी मिटते तेव्हा ग्रंथी दाबल्या जाऊन तेल बाहेर येते आणि पापणी उघडताना हे आवरण नव्याने पसरते. म्हणजेच डोळ्याच्या ओलाव्याची राखण पापणी करते.

एरवी माणसाची पापणी मिनिटाला साधारणपणे १५ ते २० वेळा लवते. पडद्यावर दृष्टी खिळली की हे प्रमाण ५ ते ७ पर्यंत उतरू शकते; शिवाय अनेकदा पापणी अर्धवटच मिटते. मिनिटाला ६ वेळा पापणी लवली, तर दोन वेळांमध्ये १० सेकंदांचे अंतर पडते. ज्यांचे अश्रूंचे आवरण त्याआधीच विरते, त्यांचा डोळा तेवढा वेळ उघडा पडतो. अशा वेळी डोळा चुरचुरला की प्रतिक्रिया म्हणून एकदम पाणी येते. म्हणूनच डोळ्यांतून पाणी वाहते अशी तक्रार घेऊन आलेल्या रुग्णाचे डोळे प्रत्यक्षात कोरडे असल्याचे आढळते.

पाहण्याची दिशा आणि हवा

एकाग्रतेने पाहिल्यास पापणी कमी लवते, हे कागदाच्या बाबतीतही खरे आहे. मग गिरगावातील छापखान्यांत मुद्रिते तपासणाऱ्यांपेक्षा आजच्या कर्मचाऱ्याची स्थिती वेगळी कशी? मुद्रिते मेजावर असत आणि नजर खाली असे. खाली पाहताना वरची पापणी उतरते व डोळ्याचा उघडा भाग लहान होतो. संगणकाचा पडदा समोर किंवा त्याहून उंच असला, तर डोळे विस्फारलेले राहतात आणि अश्रू अधिक वेगाने उडून जातात.

हवेचेही तसेच आहे. मागावर सूत तुटू नये म्हणून गिरणीत हवा मुद्दाम दमट राखली जाई. त्या उकाड्याचा जाच कामगारांनी सोसला. वातानुकूलित कार्यालयात यंत्र हवेतील बाष्प काढून घेते. त्यामुळे बाहेर श्रावणसरी कोसळत असल्या, तरी आत बसलेल्याच्या तोंडावर कोरड्या हवेचा झोत येत असतो. दमट मुंबईत डोळे कसे कोरडे पडतील, ही समजूत म्हणूनच फसवी आहे.

घरी व कार्यालयात करावयाचे उपाय

पडदा हातभर अंतरावर ठेवावा आणि त्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत अथवा किंचित खाली असावी. दर २० मिनिटांनी सुमारे २० फुटांपलीकडील वस्तूकडे २० सेकंद पाहावे. चाळीच्या गॅलरीतून समोरची इमारत त्यासाठी पुरेशी आहे. त्याच वेळी पापण्या सावकाश व पूर्ण मिटाव्यात. पंखा व वातानुकूलन यंत्र यांचा झोत चेहऱ्यावर येऊ देऊ नये. सोसवेल इतक्या कोमट पाण्यात भिजवलेला स्वच्छ कपडा मिटलेल्या डोळ्यांवर ५ ते १० मिनिटे ठेवल्यास थिजलेले तेल सैल होते. निळा प्रकाश अडविणाऱ्या चष्म्यांची जाहिरात होते खरी. परंतु डोळे कोरडे पडतात ते प्रामुख्याने पापणी न लवल्यामुळे, आणि तो दोष चष्म्याने दूर होत नाही.

औषधाबाबत सावधगिरी

एवढ्याने बरे न वाटल्यास नेत्रतज्ज्ञाच्या सल्ल्याने कृत्रिम अश्रूंचे थेंब वापरता येतात. दिवसातून चारपेक्षा अधिक वेळा घालावे लागत असतील, तर परिरक्षक द्रव्य नसलेले थेंब योग्य ठरतात. मात्र औषधांच्या दुकानातून लाली घालविणारे थेंब परस्पर आणण्याची सवय घातक आहे. अशा काही थेंबांत स्टेरॉइड असते. त्याने तात्काळ आराम पडतो. परंतु दीर्घकाळ वापरल्यास डोळ्यातील दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो आणि त्यात गेलेली दृष्टी परत येत नाही. मध, गुलाबपाणी अथवा एरंडेल डोळ्यांत घालणेही टाळावे.

डोळे कोरडे पडण्यास पडदा हे एकमेव कारण नसते. मधुमेह, थायरॉइडचे विकार, संधिवात, रजोनिवृत्ती, सर्दीवरील काही गोळ्या आणि कॉन्टॅक्ट लेन्स यांचाही त्यात वाटा असतो. म्हणून त्रास दोन-तीन आठवड्यांत न थांबल्यास तपासणी करून घ्यावी. पापणीत कागदाची पट्टी ५ मिनिटे ठेवून ती किती भिजते हे पाहण्याची चाचणी सोपी आहे. तीव्र वेदना, प्रकाश सहन न होणे किंवा दृष्टी मंदावणे ही लक्षणे असल्यास मात्र एक दिवसही दवडू नये. परळचे के. ई. एम. आणि भायखळ्याचे जे. जे. ही सार्वजनिक रुग्णालये या भागातील रहिवाशांना जवळ आहेत.

गिरणीत सुताच्या धाग्यासाठी हवेची काळजी घेतली जाई. आजच्या कार्यालयात तेवढीच काळजी कर्मचाऱ्याच्या डोळ्यांसाठी घेतली जावी. आसनावर येणारा झोत वळविणे, पडद्याची उंची बदलू देणे आणि कामात थोडी उसंत देणे यांस फारसा खर्च येत नाही. उरलेले काम पापणीचे. तिला लवण्याची आठवण मात्र ज्याची त्याने ठेवावयाची आहे.